पाणी तेवढं वाहत होतं

१

लोक विचारायचे, तुम्ही करता काय? मी म्हणायचे, जंगल विकते. ते हसायचे. मग मी ठाण मांडून समजावून सांगायचे आणि बिचाऱ्यांची लवकर सुटका व्हायची नाही.

बँकेत माणसं ताटकळत बसतात ती जागा, दातांचे दवाखाने, दिवसभर पडद्याकडे बघून माणूस सुकून जातो अशी ऑफिसं, अशा ठिकाणी मी छतात छोटे स्पीकर बसवते आणि त्यातून पाखरं, पाणी, पानं, किडे यांचे आवाज सोडते. इतके हळू की आपण काही ऐकतोय हे कळू नये, पण खांदे मात्र खाली यावेत. याचा फायदा होतो, उगाच नाही सांगत. दातांच्या दवाखान्यात खुर्चीचे हात आवळून बसलेल्या माणसांची बोटं सैल पडताना मी डोळ्यांनी पाहिलीत.

बाकीचे लोक एकच रेकॉर्डिंग इमारतभर लावून मोकळे होतात. सगळ्या खोल्यांत तोच पक्षी, त्याच क्षणी ओरडणार! डोक्यात जातं. माझी पद्धत निराळी. मी जंगलातल्या पायवाटेवर थोड्या थोड्या अंतरावर माइक ठेवते, सगळे एकदम चालू. मग इमारतीत त्याच क्रमानं, तेवढ्याच अंतरावर स्पीकर लावते. वाटेच्या तोंडाशी बोलणारा पक्षी कॉरिडॉरच्या तोंडाशीच बोलतो. म्हणजे कॉरिडॉरमधून चालणारा माणूस ती वाटच चालत असतो, फक्त पायाला चिखल लागत नाही.

माइक चालू केले की मी तिथून निघून जाते. माणूस जवळ असला की किडे-पाखरं गप्प होतात, म्हणून तिथे मीसुद्धा नको. घरी आल्यावर साफसफाई. मध्येच विमान गेलं असेल, कुठे जंगल गप्प झालं असेल, तर तेवढा भाग कापायचा आणि दुसरीकडचा बोलका तुकडा जोडायचा. आम्ही त्याला ठिगळ म्हणतो. गिऱ्हाइकाला अखंड जंगल हवं असतं. गप्प झालेलं जंगल कुणी विकत घेत नाही.

या शुश्रूषागृहाचं काम मी अशीच ठिगळं लावून केलं होतं. ऑपरेशन झालेली माणसं घरी जाण्याआधी इथे राहून ताकद भरून घेतात. बैठी लांबलचक इमारत, एका बाजूला खोल्या, दुसऱ्या बाजूला खिडक्या, मध्ये कॉरिडॉर. काम मन लावून केलं, कारण मधल्या एका खोलीत माझी ताई होती.

२

आई गेली तेव्हा मला बुटाची नाडीही बांधता येत नव्हती. ताईनं वाढवलं मला. तिचा आवाज काय सांगू! संध्याकाळी मला घरी बोलवायला तिनं हाक मारली की शेजारची पोरंही पळत आपापल्या घरी जायची. आता त्याच ताईचं अर्धं फुप्फुस काढलं होतं. बोलताना दम लागायचा, आणि खोकला यायचा तो टाक्यांवर. डॉक्टर म्हणाले होते, आवाज भरेल हळूहळू, फक्त झोप आणि शांतता हवी.

"तुझे ते किडे छान आहेत गं," ताई म्हणाली. "ऑपरेशननंतर पहिल्यांदा सलग झोपले."

मेट्रनबाई तर माझ्यावर फारच खूश. "झोपेच्या गोळ्या निम्म्यावर आल्या," त्या म्हणाल्या. "आणि दुपारी सगळे कसे चिडीचूप! हे मास्तर सोडले तर."

मास्तर म्हणजे शेजारच्या खोलीतले, शाळेतून निवृत्त झालेले. दुपारच्या विश्रांतीच्या वेळी कानातलं यंत्र काढून ठेवायचे, आणि मग स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे पेपर मोठमोठ्यानं वाचायचे. नुसता वाचायचे नाहीत, प्रत्येक बातमीला मार्कही द्यायचे. भिंतीपलीकडून "नापास! पुढे!" असं ऐकू आलं की ताई हसायची आणि मग हसल्याबद्दल खोकायची.

त्या दुपारी मी ताईचे केस विंचरत होते. ती आमच्या जुन्या घराबद्दल काहीतरी सांगत होती. कॉरिडॉरच्या तोंडाशी किड्यांची किरकिर थांबली. माझा कान लगेच तिकडे गेला, सवयच आहे. पाणी चालू होतं, पानं सळसळत होती, फक्त किडे आणि पाखरं गप्प. म्हटलं, झालं, कुठलं तरी ठिगळ निसटलं. थोड्या वेळानं तिथली किरकिर परत सुरू झाली आणि त्याच्या पुढच्या स्पीकरची थांबली. मग ती सुरू झाली आणि त्याच्या पुढची थांबली.

ते आमच्या खोलीच्या दिशेनं येत होतं.

मग ताईच्या डोक्यावरचा स्पीकर गप्प झाला. पाणी तेवढं वाहत होतं. ताई बोलता बोलता थांबली, अर्ध्या शब्दावर. तिचे डोळे उघडे होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. माझा कंगवाही केसांत तसाच थांबला होता, आणि मी श्वास धरून बसले होते हे मला श्वास सोडल्यावर कळलं. किरकिर पुन्हा चालू झाली. ताईनं राहिलेला अर्धा शब्द पूर्ण केला आणि गोष्ट पुढे नेली.

"थांबलीस का गं मध्येच?" मी विचारलं.

"कुठे थांबले?" ती म्हणाली. "नीट विंचर, ओढतेस किती!"

३

माझ्या कामात चूक निघाली की माझं डोकं फिरतं. दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन गेले. वायर तपासल्या, सगळे जोड हलवून बघितले. मेट्रनबाई खालून म्हणाल्या, "पडू नका बाई, इथे खाट रिकामी नाही."

वायर ठीक होत्या. आणि वायर खराब असती तर पाणीही बंद पडलं असतं ना? पाणी आणि किडे एकाच रेकॉर्डिंगमध्ये, एकाच तारेतून येतात. तार निवडून निवडून फक्त जिवंत आवाज कसे अडवेल? म्हणजे दोष फाइलमध्ये, असं मी ठरवलं. लॅपटॉपवर फाइल लावली. तिच्यात कुठेच खंड नव्हता. पहिल्यापासून शेवटपर्यंत किडे व्यवस्थित ओरडत होते, मीच तर ठिगळं लावली होती.

दुपार झाली. खोल्यांचे पडदे ओढले गेले, ट्रॉल्या थांबल्या. मी लॅपटॉप हातात धरून कॉरिडॉरमध्ये उभी राहिले, आवाज बारीक ठेवून तीच फाइल लावली. छतातून किडे, लॅपटॉपमधून तेच किडे. म्हटलं, आता छतातले थांबले आणि हे चालू राहिले की कळेल, गडबड मशीनमध्ये आहे.

छतातले थांबले, माझ्यापासून दोन स्पीकर पलीकडे. लॅपटॉपमधले चालू होते. "सापडलास!" मी म्हटलं आणि तरातरा तिकडे निघाले. त्या गप्प स्पीकरखाली पाऊल टाकलं आणि माझ्या हातातले किडेही थांबले.

लॅपटॉपमधून नुसतं पाणी येत होतं. आवाजाची पट्टी पडद्यावर पुढे सरकत होती. मी एक पाऊल मागे घेतलं. किडे ओरडायला लागले. पुन्हा पुढे गेले, तर गप्प.

मी तिसऱ्यांदा पुढे गेले नाही. लॅपटॉप मिटला, छातीशी धरला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. समोरच्या खोलीत एक बाई पाण्याचा ग्लास ओठांपाशी नेऊन बसली होती, पीत नव्हती. तिच्या गळ्याची शीर उडताना दिसत होती. मेट्रनबाई म्हणत होत्या त्या चिडीचूप दुपारी अशा होत्या तर! सगळे म्हणत होते जंगलानं माणसं शांत झालीत. मला तर ती बाई घाबरलेली ससुली वाटली, जिला आपण घाबरलोय हेसुद्धा माहीत नाही.

४

घरी येऊन मी मूळ रेकॉर्डिंग काढलं, ठिगळं लावायच्या आधीचं. ऊन चांगलं होतं, खिडक्या उघड्या होत्या, खाली कुणीतरी गाडी धूत होतं. तरी हेडफोन कानाला लावायला मला धीर एकवटावा लागला.

ते मी पूर्वी ऐकलं नव्हतं असं नाही. पण कापाकापी करताना आपण ऐकत नाही, बघतो. पडद्यावर रेषा सपाट झाली की तिथे कात्री. या वेळी मी डोळे मिटून ऐकलं, एकामागून एक सगळे माइक.

वाटेच्या तोंडाशी किडे गप्प झाले. काही वेळानं तिथे परत ओरडायला लागले आणि पुढच्या माइकपाशी गप्प झाले. मग त्याच्या पुढच्या. पाऊल वाजत नव्हतं, काटकी मोडत नव्हती, काहीही नाही. म्हटलं, एखादं जनावर असेल. मोठं, सावकाश चालणारं. जंगल आहे, जनावर असणारच, यात काय मोठं?

ते शेवटच्या माइकपर्यंत आलं. तिथेच थांबलं. त्या माइकजवळ माझी रेकॉर्डिंगची पेटी ठेवलेली होती. बराच वेळ नुसतं पाणी. मग लांबून माझी पावलं, माझं गुणगुणणं, पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज, आणि खटका. तोपर्यंत तिथले किडे पुन्हा बोललेच नव्हते.

मी गुणगुणत त्याच्या इतक्या जवळ बसले होते. आत आल्याचं सगळ्या माइकवर होतं. बाहेर गेल्याचं एकाही माइकवर नव्हतं.

मी ताईला फोन लावला. "उद्या घरी चल माझ्याकडे."

"वेड लागलंय का? इथे झोप लागतेय मला."

"ताई, ऐक ना, माझ्यासाठी."

"आधी कारण सांग."

काय सांगणार होते? किडे गप्प होतात म्हणून? "मला करमत नाही तुझ्याशिवाय," मी म्हटलं. ते काही खोटं नव्हतं.

ती हसली, खोकली, बराच वेळ खोकत राहिली. "बरं बाई," ती म्हणाली, "उद्या ये न्यायला. तुझा हट्ट काय सुटणार आहे?"

५

दुसऱ्या दिवशी गाडी दारात लावून आत गेले. डॉक्टरांची सही व्हायची होती, त्याशिवाय मेट्रनबाई ताईला सोडणार नव्हत्या. "दुपारनंतर येतील डॉक्टर, तोवर बसा," त्या म्हणाल्या आणि मास्तरांच्या खोलीत शिरल्या. मीही मागोमाग गेले.

मास्तर खाटेवर बसले होते. पेपर पुढ्यात पसरलेला. मला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि ते बोलायला लागले. ओठ हलत होते, भुवया उडत होत्या, बोटानं बातमी दाखवत होते. आवाज अजिबात नव्हता.

"काल दुपारी वाचा गेली हो," मेट्रनबाई हळू म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात मेंदूत छोटासा झटका. पेपर वाचता वाचताच झालं. मुलगा निघालाय न्यायला." आणि त्या वळून खिडकीजवळच्या औषधांच्या बाटल्या लावायला लागल्या.

काल दुपारी. कानातलं यंत्र काढलेलं असताना. बाकीच्यांना किडे गप्प झाल्याचं आपोआप कळायचं, म्हणून ते गप्प व्हायचे. मास्तरांना कळायची सोयच नव्हती. ते वाचत राहिले असणार.

मास्तरांनी माझा हात धरला. मग पेपर उचलून माझ्यापुढे हलवला, जोरजोरात. कागद नुसता हलत होता. सळसळ नाही, काही नाही. मला वाटलं माझेच कान गेले, पण मेट्रनबाईंच्या बाटल्यांची किणकिण स्पष्ट ऐकू येत होती. मास्तरांनी स्टीलचा चमचा घेतला आणि पेल्यावर मारला, एकदा, दोनदा, तीनदा. पेला हलला, त्यातलं पाणी डचमळून बाहेर सांडलं. आवाज आला नाही.

मी त्यांच्या हातातून चमचा घेतला आणि त्याच पेल्यावर मारला. ठण्ण!

"काय करताय?" मेट्रनबाई दचकून म्हणाल्या.

मी चमचा परत मास्तरांच्या हातात दिला. त्यांनी मारला. काही नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते रडतानाही काही ऐकू येत नव्हतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, अगदी ताईच्या ऑपरेशनच्या दिवशीही नाही.

आणि पलीकडच्या खोलीत ताई खोकत होती. ताईला कितीही कळलं तरी खोकल्याला कुठे कळतं? तो आला की आला.

६

सही-बिही गेली खड्ड्यात, पण आधी ते आवाज सोडणारं मशीन बंद करायचं, असं मी ठरवलं. आणलं मी, तर घालवेन मीच. कॉरिडॉरच्या टोकाच्या सामानाच्या खोलीत मशीन होतं. मी बटण दाबलं. पाणी, पानं, किडे, सगळं एकदम बंद झालं.

वाटलं होतं, आता नेहमीचे आवाज येतील. खाटांची करकर, कुणाचं कण्हणं, नर्सच्या चपला. काहीच आलं नाही. मी दाराबाहेर डोकं काढलं.

एक म्हातारे गृहस्थ चालण्याची चौकट उचलून, एक पाय पुढे टाकून तसेच उभे होते. एका बाईचा हात केसांत होता. एक नर्स पडदा अर्धा ओढून थांबली होती. कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. किडे गप्प झाले म्हणजे ते आपल्यापाशी आलं, एवढंच त्यांच्या शरीरांना कळत होतं. आणि आता किडे सगळीकडेच गप्प होते.

मेट्रनबाई चवड्यांवर चालत माझ्याकडे आल्या. "काय केलंत?" त्या अगदी कुजबुजल्या. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "मी का कुजबुजतेय?"

तेव्हा मला माझी चूक कळली. त्याला स्पीकर लागत नव्हते. ते पेटीतून आलं असेल, माझ्या मागून आलं असेल, कसंही आलं असेल, आता ते इमारतीत होतं. किडे त्याला आणत नव्हते. ते कुठे आहे एवढं किडे सांगत होते, आणि मी त्यांचंच तोंड बंद केलं होतं.

मधल्या खोल्यांच्या बाजूनं एक दबका आवाज आला, उशीत तोंड खुपसून खोकल्यासारखा. मग पुन्हा एक, आणखी दबका.

मी धडपडत मशीनकडे वळले आणि बटण दाबलं. ते लगेच सुरू होत नाही, आधी हिरवा दिवा लुकलुकत राहतो. "हो ना रे बाबा," मी त्याला म्हणत होते, "हो ना लवकर."

७

पाणी सुरू झालं. मग किडे. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून कान टवकारले. वाटेच्या तोंडाशी, ओरडत होते. त्याच्या पुढे, ओरडत होते. मास्तरांच्या खोलीवर, ओरडत होते. म्हातारबुवांनी उचललेला पाय खाली ठेवला आणि चालायला लागले, जसं काही झालंच नव्हतं.

ताईच्या खोलीवर नुसतं पाणी.

भिंतीला धरून तिच्या दारापर्यंत गेले. ताई खाटेवर उठून बसली होती. दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबलेलं, चेहरा लालबुंद, खांदे गदगदा हलत होते. उशी खाली पडली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. कुणी सांगितलं नसताना तिला सगळं कळलं होतं. खोकला तिच्या छातीतून वर चढताना मला दिसत होता.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. हे मी नीट सांगते, कारण मी नीट बघितलं. खाट होती, टेबल होतं, खिडकीतून आलेलं ऊन होतं. फक्त ताईच्या कानाजवळची केसांची एक बट तिच्या चेहऱ्यापासून लांब, हवेत ताठ झाली होती. कुणीतरी अगदी तोंडाशी तोंड आणून हळूहळू श्वास आत ओढत असावं, तशी ती ओढली जात होती. बट थरथरत होती. खिडकीचा पडदा हलत नव्हता.

ताईचे हात सुटायला आले.

मला पळून जावंसं वाटलं. खरं सांगते, तेच वाटलं आधी. मास्तरांचा चमचा डोळ्यांपुढे आला. मग ताईच्या बोटांमधून एक बारीकसा "ख" बाहेर पडला, आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

"ए!" मी ओरडले. "इकडे! इकडे बघ! तिच्यात काय ठेवलंय? अर्धं फुप्फुस काढलंय तिचं! बोलणारी मी आहे इथे, मी! ये ना, हिंमत असेल तर मला गप्प करून दाखव!"

बट खाली पडली.

८

मी कॉरिडॉरमध्ये मागे मागे सरकत होते आणि बोलत होते. सुचेल ते. मेट्रनबाईंना हाका मारल्या, दातांच्या डॉक्टरला शिव्या घातल्या, बँकेच्या मॅनेजरला घातल्या, देवाला घातल्या. नर्सनी पडद्याआडून डोकी काढली. समोर ताईच्या खोलीवरचे किडे ओरडायला लागले, आणि त्या किरकिरीत ताईचा खोकला फुटला, मोकळा, मोठा, छाती फोडून काढणारा. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मला रडू आलं, पण मी बोलणं थांबवलं नाही.

डोक्यावरचा स्पीकर गप्प झाला. मी आणखी मागे गेले. तो चालू झाला आणि माझ्यावरचा गप्प झाला. ते येत होतं, घाई न करता. गालावर गार लागलं. माझ्या कपाळावरचे केस पुढे ओढले गेले.

बोलायचं सुचेना. डोकं रिकामं झालं. मी पाढे म्हणायला लागले, शाळेत ताईनं घोकून घेतलेले, मोठ्यांदा, सुरात. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. ते इतकं जवळ होतं की मला माझेच शब्द ओठांवरून काढून घेतल्यासारखे वाटत होते, पण मी म्हणत राहिले. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पंचे पंच्याऐंशी. डोळे घट्ट मिटले आणि पाढा संपवला, मग अठराचा घेतला, मग एकोणिसाचा. पाणी वाहत होतं.

मग किडे ओरडायला लागले. माझ्या डोक्यावर, पुढच्या स्पीकरवर, त्याच्या पुढच्या. कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही जागा गप्प नव्हती. मी डोळे उघडले. खिडक्यांतून ऊन येत होतं. म्हातारबुवा चौकट घेऊन माझ्याशेजारून गेले.

ताई दारातून बाहेर आली. एक हात भिंतीवर, एक टाक्यांवर. चेहरा घामानं भिजलेला, पण श्वास चालू, डोळे जागे. ती माझ्याकडे येत होती, हळूहळू, स्वतःच्या पायांनी.

"गेलं, ताई," मी म्हटलं. "गेलं ते. चल, घरी जाऊ."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. अगदी जवळ आली आणि डोकं थोडं तिरकं केलं.

"काय गं?" ती म्हणाली. "नुसते ओठ काय हलवतेस? मोठ्यानं बोल ना."

मी मोठ्यानं बोलले. मग भिंतीवर हात आपटला. पुन्हा आपटला, सगळा जोर लावून, तळहात लाल होईपर्यंत. ताई माझ्या हाताकडे बघत राहिली.